वय ४१, हुद्दा लेफ्टनंट

जुनी_वही
जुन्या दफनभूमीत जाऊन शिळा वाचत बसायची मला खोड आहे. घरचे नाकं मुरडतात, पण आता त्यांच्याही अंगवळणी पडलंय. गेल्या रविवारी पुण्यात कॅम्पाजवळच्या अशाच एका ठिकाणी गेले होते. गवत गुडघ्याएवढं. रखवालदार म्हणाला, "साप बघून चाला," म्हणून काठी आपटत आपटत आत शिरले. कोपऱ्यात काळ्या दगडाच्या दोन शिळा शेजारी शेजारी. एकीवर लेफ्टनंट, मृत्यू १८४६, वय ४१. दुसरीवर कॅप्टन, तोही १८४६ चाच, वय २४. पलटणीचा नंबर दोन्हींवर झिजून गेलाय. अक्षराचं वळण मात्र एकच, बहुधा एकाच पाथरवटाचं काम.

मला फौजेतलं ओ की ठो कळत नाही. पण एकेचाळीस वर्षांचा माणूस लेफ्टनंट आणि त्याच्या शेजारी चोवीस वर्षांचं पोरगं कॅप्टन, हे काय गौडबंगाल आहे? म्हाताऱ्याने काही भानगड केली होती की काय? (एकेचाळीसला म्हातारा म्हटलं, माफी असावी. मी स्वतः शेहेचाळीस.)

खाकी_टोपी
भानगड वगैरे काही नसणार, ताई. आज आपल्याकडे कमिशन मिळालं की दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, असा हिशेब ठरलेला आहे. अर्थात परीक्षा कुणाला सुटत नाहीत. त्या काळात असं घड्याळच नव्हतं. पण आधी एक बघून सांगा: हुद्द्याच्या आगेमागे 'एच. एम.' अशी अक्षरं आहेत, की 'एन. आय.'? एच. एम. म्हणजे हर मॅजेस्टीज, राणीची पलटण, विलायतेहून आलेली. एन. आय. म्हणजे नेटिव्ह इन्फन्ट्री, कंपनी सरकारची. साहेब दोन्हीकडचे गोरेच, पण बढतीचं गणित साफ निराळं.

जुनी_वही
फोटोत नुसतं शेवाळं दिसतंय, काका. पुढच्या रविवारी परत जाऊन बघते.

टेम्सकाठ
तोवर राणीची पलटण धरून चालू, कारण खरी गंमत तिथे आहे.

राणीच्या पायदळात आणि घोडदळात अधिकारपद विकत घ्यायचं असे. टेबलाखालून नव्हे हो, सरकारी दरपत्रक होतं. साध्या पायदळात एन्साइन, म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी, ४५० पौंड, लेफ्टनंट ७००, कॅप्टन १,८००, मेजर ३,२००, लेफ्टनंट कर्नल ४,५००. घोडदळात हेच शेवटचं पद ६,१७५ ला, आणि फूट गार्ड्समध्ये, म्हणजे राणीच्या खास पहाऱ्याच्या पायदळात, ९,००० ला. त्याच्या वरची पदं विक्रीला नव्हती.

आता हे चालायचं कसं? समजा पलटणीचा लेफ्टनंट कर्नल घरी बसायचं म्हणतोय. तो आपलं पद विकायला काढतो. सर्वांत जुन्या मेजरला पहिला हक्क. तो आपलं मेजरपद ३,२०० ला सोडतो आणि वरचे १,३०० खिशातून घालतो. त्याची जागा घेणारा कॅप्टन १,४०० घालतो, कॅप्टनची जागा घेणारा लेफ्टनंट १,१००, आणि अशी ती साखळी खाली नव्या पोरापर्यंत येते. ज्याची पाळी आहे त्याच्याकडे पैसे नसले, तर त्याला ओलांडून त्याच्याखालचा पुढे जातो. मग त्याच्याही खालचा. तुमचा एकेचाळीस वर्षांचा लेफ्टनंट असा किती वेळा ओलांडला गेला असेल कोण जाणे. लेफ्टनंट ते कॅप्टन हा अकराशे पौंडांचा टप्पाच सर्वांत अवघड होता. पायदळातल्या एन्साइनचा पगार रोजचा ५ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे वर्षाला पंच्याण्णव पौंड आणि वर थोडी चिल्लर. आणि हा दर नेपोलियनच्या लढायांपासून शतक संपेपर्यंत जागचा हलला नाही!

आजीचा_बटवा
अहो, ही तर सरळ सरळ पागडी! गिरगावातली आमची खोली आजोबांनी अशीच घेतली होती. भाडं नावापुरतं, जाताना पागडी पुढच्याकडून वसूल. मालक आहोत म्हणावं तर नाही, भाडेकरू म्हणावं तर तसंही नाही.

टेम्सकाठ
बटवेताई, अगदी नेमकं बोललात. आणि पागडीत असतो तसा इथेही 'वरचा' पैसा होता. सरकारी दरापेक्षा जास्त घेणं हा कायद्याने गुन्हा, आणि सगळे घेत. मिरवणाऱ्या घोडदळाच्या पलटणींत तर सरकारी दर नुसता कागदावर. पैशांची ने-आण करायला पलटणींचे एजंट असत. त्यातले सर्वांत मोठे कॉक्स अँड कंपनी, १७५८ पासूनचे. (अवांतर: सहली काढणारी कॉक्स अँड किंग्ज आठवते? २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली. नाव तिथूनच आलेलं.)

यातला सर्वांत बदनाम गिऱ्हाईक म्हणजे लॉर्ड कार्डिगन. १८२४ साली, सत्ताविसाव्या वर्षी फौजेत आला आणि १८३२ मध्ये १५ व्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीचा ताबा मिळवला. त्यासाठी त्याने ३५,००० पौंड मोजले असं बोललं जाई. भांडकुदळ इतका, की दोन वर्षांत त्या पदावरून काढून टाकला. मग १८३६ मध्ये ११ वी लाइट ड्रॅगून्स घेतली, त्याचा आकडा ४०,००० सांगतात. ही पलटण तेव्हा हिंदुस्तानात होती. साहेब इथे येऊन पोचेपर्यंत तिची परत जायची वेळ आली होती. म्हणजे हिंदुस्तानात वर्षानुवर्षं घाम गाळलेले अधिकारी एकीकडे, आणि त्यांच्या डोक्यावर विकत येऊन बसलेला हा.

त्या 'इंडियन' अधिकाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. १८४० मध्ये कॅन्टरबरीच्या मेसमध्ये पाहुण्यांच्या मेजवानीत कॅप्टन रेनॉल्ड्सने पाहुण्यासाठी मोझेल वाइन मागवली. ती आली काळ्या बाटलीत. कार्डिगनने मेसमध्ये पोर्टर बिअरला बंदी केली होती, कारण त्याच्या मते ते हिंदुस्तानातून आलेल्यांचं गावंढळ पेय. काळी बाटली बघून त्याला वाटलं पोर्टरच. त्यावरून रेनॉल्ड्सला अटक! 'काळी बाटली' हा शब्द लंडनच्या रस्त्यावर त्याच्या पाठीमागे ओरडला जाऊ लागला. त्याच वर्षी त्याने विम्बल्डनच्या माळावर कॅप्टन टकेटशी द्वंद्व खेळून त्याला जखमी केलं, आणि पुढच्या वर्षी लॉर्डांच्या सभागृहाने त्याला नावाच्या एका तांत्रिक मुद्द्यावर निर्दोष सोडलं. १८५४ ला क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लाव्हाच्या लढाईत लाइट ब्रिगेड या घोडदळाच्या पुढे होता तो हाच.

आता त्याच काळातला दुसरा माणूस बघा. हेन्री हॅवलॉक. १८१५ ला फौजेत. पैसा नाही. १८२३ ला हिंदुस्तानात आला, ब्रह्मदेशात लढला, आणि कॅप्टन झाला १८३८ मध्ये. तेवीस वर्षं दुय्यम, म्हणजे कॅप्टनच्या खालचा! तेव्हा त्याचं वय त्रेचाळीस. १८५७ मध्ये कानपूर-लखनौला गाजला आणि त्याच नोव्हेंबरात हगवणीने गेला. तुमच्या शिळेवरच्या माणसाने आणखी दोन वर्षं काढली असती तर हॅवलॉकच्या वयाला कॅप्टन झाला असता. बहुतेकांच्या नशिबी ती दोन वर्षं नव्हती.

उलटतपासणी
कार्डिगनला शिव्या घालणं सोपं आहे. दुसरी बाजू मांडतो, मारू नका.

एक तर या पैशात सरकारची सोय होती. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन द्यायला नको, पद विकून आलेली रक्कम हीच त्याची पुंजी. लेफ्टनंट कर्नलच्या ४,५०० पौंडांवर चार टक्के व्याज धरलं तर वर्षाला १८० होतात, आणि पायदळात त्याचा पगार रोज १७ शिलिंग, म्हणजे वर्षाला ३१० च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त पगार त्याच्याच पैशांचं व्याज! वर शिक्षा म्हणून बडतर्फ केलं तर भांडवल बुडालं, हा धाकही आयता.

दुसरं, नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टनसारखा माणूस या पद्धतीच्या बाजूने होता. त्यांच्या डोक्यात फौजेच्या जोरावर राजाला उलथवणारा क्रॉमवेल बसलेला. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही असा अधिकारी सत्ता उलथवतो, जमीनजुमलावाला नाही, असं ते गणित.

आणि तिसरं, जिथे विक्री नव्हती तिथे काय सोनं लागलं होतं? तोफखाना आणि इंजिनिअर्स वूलिचच्या अकादमीत शिकून येत, विक्री नाही, निव्वळ ज्येष्ठता. बढती इतकी मंद की केस पिकले तरी कॅप्टन.

खाकी_टोपी
तिसरा मुद्दा पटला. कंपनीच्या फौजेतही हेच होतं. डायरेक्टरांपैकी कुणाची चिठ्ठी असली की कॅडेट म्हणून यायचं, मग आपल्या रेजिमेंटच्या यादीत वरच्याने जागा रिकामी करण्याची वाट बघायची. विक्री नव्हती म्हणता, पण खालचे सगळे मिळून वर्गणी काढत आणि वरच्या म्हाताऱ्याला थैली देऊन घरी पाठवत. गणेशोत्सवासारखी. ज्याला जितका फायदा त्याची तितकी वर्गणी.

मात्र कंपनीत पंधरा वर्षं दुय्यम राहिलेल्याला मानाची म्हणून 'ब्रेव्हे कॅप्टन' ही पदवी मिळे. सोळा-सतराव्या वर्षी आलेला माणूस एकेचाळीसपर्यंत नक्कीच ब्रेव्हे कॅप्टन झाला असता, आणि शिळेवर तसं कोरलंही असतं. म्हणून माझी पैज एच. एम. वर.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र, उलटतपासणी साहेब, नाही पटत. जमीनजुमलावाल्यांची निष्ठा बघायची असेल तर 'एक्स्चेंज' बघा. पलटणीला हिंदुस्तानचा हुकूम आला की श्रीमंत अधिकारी इथल्या उन्हाला भिऊन दुसऱ्या पलटणीतल्या गरजूला पैसे देऊन अदलाबदल करून घ्यायचा, नाहीतर अर्ध्या पगारावर घरी बसायचा. गरजूलाही ते हवंच असे, कारण इथे भत्ता जास्त, घोडा स्वस्त, नोकर चार. थोडक्यात, लंडनला परेड करणारे एक आणि इथे मरणारे वेगळे.

शिलेदार_गडी
पागडीचा विषय निघालाच आहे तर एक भर. हीच पद्धत आपल्याकडच्या रिसाल्यांत खालपर्यंत होती, आणि ती इंग्रजांनी आणलेली नाही. आपला जुना शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. पूना हॉर्ससारखे रिसाले याच शिलेदारी पद्धतीने उभे राहिले. स्वाराने भरती होताना घोडा आणि सामान आणायचं किंवा त्याची रक्कम भरायची, तिला 'असामी' म्हणत. नोकरी सोडताना असामी परत. घरच्या मुलाला, पुतण्याला ती जागा मिळावी म्हणून खटपटी चालत. इंग्रज अधिकाऱ्यांनी ही पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालू ठेवली, कारण घोड्याचा खर्च स्वाराच्या अंगावर. इंग्रजांनी स्वतःच्या घरातली विक्री १८७१ ला मोडली, इथली पुढे पन्नास वर्षं चालली.

जुनी_वही
१८७१ ला काय झालं?

टेम्सकाठ
विलायतेत पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारात कार्डवेल नावाचे युद्धमंत्री होते. त्यांनी पदांची विक्री बंद करायचं विधेयक आणलं. कॉमन्समध्ये कर्नल लोकांनी बोलून बोलून ते लांबवलं, लॉर्डांनी अडवलं. मग ग्लॅडस्टनने मागच्या दाराने बाजी मारली: ही विक्री मुळात राजाज्ञेने चालते, तर राजाज्ञेनेच बंद करू. जुलैत राणीने सही केली आणि १ नोव्हेंबर १८७१ पासून विक्री बंद. आता लॉर्ड कात्रीत सापडले. विधेयक पास केलं नाही तर भरपाई नाही, म्हणून निमूट पास केलं. आणि भरपाई कशाची? सरकारी दराची तर खरीच, पण बेकायदा 'वरच्या' पैशाचीसुद्धा! करदात्याच्या खिशातून. बटवेताईंच्या चाळीत काळ्या पैशाची पावती कुणी दिली असती का?

आजीचा_बटवा
आमच्या मालकाने पांढऱ्याची दिली नाही, काळ्याची कसली देतोय.

उलटतपासणी
आणि बंदीनंतर गरिबाघरची पोरं कर्नल झाली का? नाही. परीक्षा आली, सँडहर्स्टच्या अधिकारी-शाळेतून जाणं आलं, त्यासाठी घोकंपट्टीचे क्लास आले, त्यांची फी आली. नंतर मेसचं बिल, बँडची वर्गणी, पोलोची तट्टं, तीन प्रकारचे गणवेश. १९०३ च्या सरकारी समितीच्या अंदाजाने घोडदळातल्या तरुण अधिकाऱ्याला पगाराशिवाय घरून वर्षाला सहाशे-सातशे पौंड लागत. दार बदललं, किल्ली तीच.

चर्चिलचंच घ्या. सँडहर्स्टची परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली. गुण पायदळाला पुरले नाहीत म्हणून घोडदळ मिळालं. वाचून चक्रावलात ना? घोडदळाला गुण कमी लागत, कारण तो खर्च झेपणारे उमेदवारच कमी. वडील भडकले, कारण आता घोडे घेऊन द्यावे लागणार. १८९६ च्या ऑक्टोबरात स्वारी मुंबईत ससून डॉकला उतरली. होडी वरखाली होत होती. धक्क्याची लोखंडी कडी धरायला आणि होडी खाली जायला एकच गाठ पडली, उजवा खांदा निखळला. पुढे जन्मभर पोलो खेळताना तो हात बांधून ठेवावा लागला. तिथून पुण्याच्या छावणीत मुक्काम करून बंगळूरला. पगार रोज चौदा शिलिंग, दोन घोड्यांचे महिन्याला तीन पौंड, घरून वर्षाला पाचशे. उरलेली तोंडमिळवणी सावकाराकडून. बंगळूरच्या क्लबाच्या वहीत त्याच्या नावावर बुडीत खात्यात तेरा रुपये आहेत म्हणतात ते याच दिवसांतले.

खाकी_टोपी
चर्चिलसमोर विल्यम रॉबर्टसन ठेवा. १८७७ ला साधा स्वार म्हणून भरती. शिपाई होणं तेव्हा इतकं हलकं मानत, की आईला त्यापेक्षा पोरगा मेला तर बरं असं वाटलेलं. १८८८ ला कमिशन मिळालं आणि त्याने थेट हिंदुस्तान गाठला, कारण विलायतेत पगारावर मेस परवडणार नाही. त्याचे वडील शिंपीकाम करत, गणवेश त्यांनीच शिवून दिले. इथे मेसमध्ये बाकीचे वाइन पीत तेव्हा हा पाणी. दुपारी बाकीचे झोपत तेव्हा हा मुन्शी समोर बसवून उर्दू, फारसी, पश्तू, पंजाबी शिके. हौस म्हणून नाही, प्रत्येक भाषेच्या परीक्षेला रोख बक्षीस होतं! १९२० ला फील्ड मार्शल. साध्या शिपायापासून तिथवर पोचलेला ब्रिटिश फौजेतला तो एकच.

त्या पाण्याच्या पेल्याबद्दल मला फार वाटतं. मीही कमिशन मिळाल्यावर पहिली दोन वर्षं मेसचं बिल यायच्या दिवशी पोटात गोळा घेऊन बसायचो.

रानवाट
सगळं वाचतोय, छान चाललंय. पण इतका वेळ 'अधिकारी' म्हणजे गोरा, हे गृहीत धरूनच सगळे बोलताहेत.

तीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार आणि काल जहाजावरून उतरलेला अठरा वर्षांचा एन्साइन. हुकूम कुणाचा? एन्साइनचा. सुभेदारसाहेबांची शिडी तिथेच संपायची. फार तर सुभेदार-मेजर, आणि १८३७ मध्ये सुरू झालेला ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हा सन्मान, त्याबरोबर 'सरदार बहादूर' हे बिरूद. पैसे असते तरी पुढचं पद विकत घेता आलं नसतं, आणि गुण असूनही मिळालं नसतं. व्हिक्टोरिया क्रॉससुद्धा हिंदी शिपायाला १९११ पर्यंत बंद. सँडहर्स्टचं दार उघडलं ते १९१८ नंतर.

आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील. लष्करी शाळेत शिकवत होते, बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. शिकलेला, शिस्तीचा, पोरांकडून पाठांतर करून घेणारा माणूस. आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरतीच बंद केली गेली. कोरेगावापासून ज्यांनी कंपनीसाठी रक्त सांडलं त्यांना 'लढाऊ जात' नाही म्हणून घरचा रस्ता. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध सरकारकडे अर्ज लिहिला. कार्डिगनचे चाळीस हजार परत मिळाले, या लोकांच्या हाती काहीच लागलं नाही.

उलटतपासणी
रानवाट, मुद्दा मान्य, फक्त एक दुरुस्ती: कार्डिगन १८६८ लाच वारला, भरपाईच्या आधी.

रानवाट
बरं, त्याच्या जातभाईंना मिळाले. समाधान?

जुनी_वही
भांडू नका, मी जाऊन आले.

या वेळी संध्याकाळी साडेपाचला गेले. कुणीतरी सांगितलं होतं की ऊन तिरपं असताना झिजलेली अक्षरं उठून दिसतात. बाटलीतलं पाणी शिळेवर ओतलं, भांडी घासायच्या मऊ काथ्याने शेवाळं हलकेच काढलं. दगड ओला होऊन काळा झाला आणि अक्षरं वर आली. काका, पैज जिंकलात: एच. एम. च आहे. नंबर गेला तो गेलाच. पण 'लेफ्टनंट' च्या खालची ओळ आता वाचता आली: 'अँड ॲडज्युटंट'.

खाकी_टोपी
अरे वा! मग चित्र जरा बदलतं. ॲडज्युटंट म्हणजे पलटणीची कवायत, शिस्त, रोजची कामं बघणारा. या जागेवर पुष्कळदा शिपायातून वर आलेल्या माणसाला बसवत, कारण बॅरेकमधलं खरं काय ते त्यालाच माहीत. खात्री देत नाही, पण एकेचाळीस वय, लेफ्टनंट आणि ॲडज्युटंट हे तिन्ही एकत्र असले की मला तरी सार्जंट मेजरच्या आवाजाचा माणूस दिसतो. तसा असेल तर त्याने अकराशे पौंड एकत्र कधी पाहिलेही नसतील.

आता दुसरी शिळा. चोविशीतला कॅप्टन म्हणजे पद बहुधा विकत घेतलेलं. पण नोकरीत असताना माणूस मेला की पद विकता येत नसे. घरच्यांचे अठराशे पौंड बुडाले, आणि त्या पलटणीत कॅप्टनची एक जागा फुकट रिकामी झाली. अशी जागा सर्वांत जुन्या लेफ्टनंटला जायची. गरीब दुय्यम अधिकारी साथीच्या पावसाळ्यासाठी आणि रक्तबंबाळ लढाईसाठी मेसमध्ये पेला उचलत, तो काही नुसता आचरटपणा नव्हता.

दोन्ही एकाच पलटणीचे असतील तर तारखा बघा ताई. आधी कोण गेलं?

जुनी_वही
फोटो मोठा करून दोनदा पाहिला, काका.

लेफ्टनंट आधी. कॅप्टन त्याच्यानंतर एकोणीस दिवसांनी.